झिंगराजींचा डेबू

स्मरणिकेसाठी लेख पाठव, असा निरोप आला तेव्हा मी आधी शाळेच्या आठवणीच लिहायला बसले होते. पण घंटेचा टोल, बाईंची छडी, मधल्या सुटीत कुंपणावरून तोडलेली संत्री हे सगळे तुम्ही लिहिणारच आहात, आणि माझ्यापेक्षा चांगले लिहाल. संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सांगितले की तू तुझ्या कामाविषयी लिही. काम म्हणजे व्यसनमुक्तीचे समुपदेशन. तरुण पोरे आणि त्यांच्या घरचे लोक यांच्यासोबत बसून बोलणे, एवढेच खरे तर मी इतकी वर्षे करीत आले आहे. अडचण अशी की या कामात ज्यांच्याविषयी सांगावेसे वाटते त्यांच्याविषयी सांगता येत नाही. दाराआड ऐकलेले दाराआडच ठेवावे लागते. म्हणून मी अशा एका माणसाविषयी लिहिते आहे, ज्याच्याविषयी सगळे उघड आहे आणि तरी आपल्याला शाळेत अर्धेच सांगितले गेले.

लहानपणी माझी ठाम समजूत होती की गाडगेबाबा आपल्याच गावचे. पुस्तकात जन्मगाव शेंडगाव लिहिलेले होते, आणि मी ते शेंदूरजना असे वाचले होते. शेंडगाव, शेंदूरजना, त्यात पुन्हा तिवसा तालुक्यात शेंदूरजना बाजार म्हणून वेगळे गाव. चौथीतल्या मुलीने गोंधळायचे नाही तर काय करायचे? गुरुजींनी नकाशा काढून दाखवला. आपले गाव जिल्ह्याच्या वरच्या टोकाला, वरूड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. शेंडगाव पार पश्चिमेला, अंजनगाव सुर्जी तालुक्यात. मला वाईट वाटले होते, ते आठवते.

दर 20 डिसेंबरला आपण पटांगण झाडायचो. सातवीपर्यंतच्या मुलींच्या हाती फडे, मुलांच्या हाती घमेली. फोटोला हार, दोन भाषणे, मग वर्गात. त्या फोटोत डोक्यावर खापर, अंगावर चिंध्यांची वाकळ, हातात काठी असलेला म्हातारा माणूस. आमच्या डोक्यात बसले ते इतकेच, की गाडगेबाबा म्हणजे झाडू. पुढे अमरावतीला शिकायला गेले, तिथे 1983 साली स्थापन झालेल्या विद्यापीठाला आज त्यांचेच नाव आहे. स्वच्छता अभियानालाही त्यांचेच नाव. झाडू आणखी मोठा झाला. झाडू धरणारा हात कोणत्या घरातून आला, हे मला कळले ते पंचविशी उलटल्यावर, नोकरीला लागल्यावर, प्रबोधनकार ठाकरे यांनी 1952 साली लिहिलेले चरित्र हाती पडले तेव्हा.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म 23 फेब्रुवारी 1876. घर परटाचे. आई सखूबाई. वडील झिंगराजी दारूने गेले. डेबू तेव्हा आठेक वर्षांचा होता.

चरित्रात हा भाग फार मोठा नाही, पण मी तो कितीतरी वेळा वाचला आहे. झिंगराजी हा काही वाईट वळणाचा माणूस नव्हता. समाजात कुळाचाराचे देव होते, त्या देवांना बोकड लागे आणि बाटली लागे. देवाला दाखवलेला नैवेद्य घरच्यांनी आणि जातभाईंनी घ्यायचा, नाही म्हणणे म्हणजे देवाचा आणि पंगतीचा अपमान. असे करता करता प्रसादाचा घोट रोजचा झाला. मग घर हललेच. शेवटच्या दुखण्यात झिंगराजींना स्वतःला ते उमगले होते असे दिसते. जाताना त्यांनी सखूबाईंना बजावले की ज्या देवाला दारू आणि मांस लागते त्या देवाच्या वाऱ्याला डेबूला उभा करू नकोस.

आमच्या खोलीत येणाऱ्या माणसाला मी पहिल्या दिवशी एकच विचारते, की पहिल्यांदा कधी घेतली आणि कोणी दिली. वाटते तसे उत्तर क्वचित येते. वाईट संगत, टपोरी पोरे, असे फार थोडे सांगतात. बहुतेकांना पहिला पेला देणारा माणूस आपला असतो. काका, मोठा भाऊ, बहिणीचा नवरा, दोस्त. आणि निमित्त आनंदाचे असते. लग्न, बारसे, पोळ्याची कर, बगिचाचा सौदा. झिंगराजींनी मरताना व्यसनाचे जे कारण सांगितले त्यात बाटलीला दोष नव्हता, निमित्ताला होता. डेबूने तेवढे बरोबर उचलले आणि पुढची सत्तर वर्षे सोडले नाही.

नवरा गेल्यावर सखूबाई पोराला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. मूर्तिजापूर तालुक्यातले हे गाव. आजोबा हंबीरराव, मामा चंद्रभान. दारुड्याच्या घरातली मुले दोन तऱ्हेची निघतात असे आम्ही लोक म्हणतो. एक बापाच्या वाटेने जातात. दुसरी फार लवकर मोठी होतात, घरातले सगळे आपल्याच शिरावर आहे असे समजून वागतात. डेबू दुसऱ्या तऱ्हेचा. शाळा नाही, अक्षरओळख नाही. मामाची गुरे राखली, मग औत हाकले, आणि शेतकामात त्याच्या तोडीचा गडी गावात नव्हता असे सांगतात. नदीत पोहण्यातही पटाईत. गुराख्यांची भजने त्याला तिथेच लागली.

मामाच्या घरी दारू नव्हती, पण दुसरे एक दुखणे होते. सावकार. चंद्रभान साधा माणूस, लिहिता-वाचता येत नाही, कागदावर अंगठा दिला आणि कष्टाने पिकवलेले शेत कर्जात गेले. सावकाराची माणसे ताबा घ्यायला आली तेव्हा डेबू आडवा झाला. त्या काळात परटाच्या पोराने सावकारासमोर असे उभे राहणे ही साधी गोष्ट नव्हती. पुढे बाबांच्या कीर्तनात कर्ज आणि दारू हे नेहमी हातात हात घालून येत, त्याचे मूळ इथे आहे. बापाला बाटलीने नेले, मामाच्या शेताला कागदाने. दोन्ही ठिकाणी माणूस अडाणी होता आणि दोन्ही ठिकाणी रीत पाळत होता. पोरांना शिकवा हा त्यांचा हट्ट, घरातली भांडी विकावी लागली तरी चालेल पण शाळा सोडू नका इथपर्यंत ताणलेला, तोही इथलाच.

1892 साली डेबूजीचे लग्न झाले. बायको कुंताबाई. मुलगी झाली, बारसे आले. आता रीत अशी की जातभाईंना जेवण द्यायचे आणि जेवण म्हणजे मटण आणि दारू. डेबूजीने ते दिले नाही. गोडाचे साधे जेवण केले, बुंदीचे लाडू वाढले.

वाचताना हे किती सोपे वाटते! मला विचाराल तर त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड प्रसंग हाच. पुढे त्यांनी हजारोंच्या सभेत दारूला नाव ठेवले. पण हजारो अनोळखी लोकांपुढे बोलणे आणि आपल्याच अंगणात, आपल्याच माणसांच्या पानापुढे उभे राहून, यंदा मिळणार नाही असे सांगणे, यात फार फरक आहे. सासरची माणसे, चार गावचे भाऊबंद, उद्या ज्यांच्या खांद्यावरून जायचे ते लोक पंगतीत बसलेले. शिवाय हा मामाच्या घरी वाढलेला, बापाने उडवलेल्या घरातला. त्याला कोण मोजणार होते? तरी त्याने केले. भाषण न देता केले. नुसते वाढपात बदलले.

इथे थोडे विषयांतर करते. आपल्या या मेळाव्याच्या तयारीत ग्रुपवर एका रात्री चर्चा झाली, तुम्हाला आठवत असेल. रात्रीच्या कार्यक्रमात व्यवस्था ठेवायची की नाही. व्यवस्था म्हणजे काय हे कोणी लिहिले नव्हते, सगळ्यांना कळले होते. कोणी हसणारी तोंडे पाठवली, कोणी म्हणाले इतक्या वर्षांनी भेटतो आहोत, एवढे तर चालायचेच. मी गप्प होते. माझे मत विचारायच्या आधीच सगळ्यांना माहीत असते, हा या नोकरीचा तोटा. दुसऱ्या दिवशी आपल्यातल्याच एकाचा मला फोन आला. त्याच्या परवानगीने एवढेच लिहिते. दोन वर्षे झाली, तो एक थेंबही घेत नाही. मेळाव्याला यायची त्याला फार इच्छा आहे, मागच्या बाकावरच्या सगळ्यांना भेटायचे आहे. त्याने मला विचारले की मी यावे का. मी त्याला हो म्हणू शकले नाही. रात्रीचे जेवण कसे ठरते ते कळू दे, मग सांगते, एवढेच म्हणाले. बारशाच्या पंगतीत नाही म्हणणाऱ्या यजमानाविषयी आपण धडे वाचतो. त्या पंगतीत एखादा तरी पाहुणा असा असेल, ज्याला मनातून वाटले असेल की बरे झाले, आज सुटलो. त्याच्याविषयी कुठे काही लिहिलेले नाही. असो. पुढे समितीने काय ठरवले ते तुम्ही जाणताच, आणि तो आला आहे.

1 फेब्रुवारी 1905. पहाटेच्या अंधारात डेबूजी घर सोडून गेले. वय 29 व्या वर्षात. मागे म्हातारी आई, बायको, लेकरे. पुढची बरीच वर्षे ते हिंडत राहिले. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा, हाती मातीचे गाडगे. त्यातच खायचे, त्यातच प्यायचे, आणि तेच उन्हापावसात डोक्यावर. लोक गाडगेबाबा म्हणू लागले. पूर्णेच्या काठी ऋणमोचनला पौषातल्या रविवारी यात्रा भरते, तिथे ते राबत. चिखल उपसायचा, पायऱ्यांचा घाट व्हावा म्हणून लोकांना गोळा करायचे, आंधळ्या-पांगळ्यांना जेवू घालायचे. 1908 च्या सुमारास तो घाट झाला.

त्यांच्या कामाची पद्धत मी धंद्याच्या नजरेने पाहते, म्हणून इथे जरा थांबते.

गावात आले की पहिल्यांदा झाडायला घेत. कोणाशी बोलणे नाही, ओळख देणे नाही. चिंध्यांतला एक माणूस आपल्या दारापुढची घाण उचलतो आहे हे पाहून गावाला आपोआप लाज वाटे. कोणी भाकर आणून देई, कोणी स्वतःच फडा घेई. संध्याकाळी चावडीपुढे कीर्तन. तोवर गाव त्यांच्याशी अर्धे बोलते झालेले असे. आमच्या प्रशिक्षणात सांगतात की पहिल्या भेटीत सल्ला देऊ नका, आधी नाते जोडा. बाबा नाते जोडायला झाडू वापरत.

आणि कीर्तन म्हणजे तरी काय! पूर्वरंग नाही, उत्तररंग नाही, संस्कृत श्लोक नाही. अस्सल वऱ्हाडी बोली आणि प्रश्नांवर प्रश्न. ते विचारत, लोक एका सुरात उत्तर देत. देव कुठे आहे, त्याला कपडे कोण नेसवतो, नैवेद्यावरचे कुत्रे कोण हाकलतो, असे विचारता विचारता लोक स्वतःच्याच तोंडाने कबूल करून बसत की आपण करतो ते खुळचट आहे. दारूचेही तसेच. घरात आठवड्याला किती येते, त्यातले किती दुकानात जाते, लेकराच्या अंगात सदरा आहे का, बायकोचे लुगडे कितीदा शिवले. उत्तर देणारा उत्तर देता देता खाली पाहू लागे. ते कोणाला पापी म्हणत नसत. पापी म्हटले की माणूस उठून जातो, हे ज्याने घरात पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही.

अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी 1983 साली दारू पिणाऱ्यांशी बोलण्याची एक पद्धत मांडली. तिला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात आणि आज जगभरातले समुपदेशक ती शिकतात. तिचा गाभा असा की सोडण्याची कारणे आपण सांगायची नाहीत, समोरच्याने स्वतःच्या तोंडाने सांगितली पाहिजेत. आपण फक्त नीट प्रश्न विचारायचे. मी ती पद्धत प्रशिक्षणात शिकले, चार दिवस लागले. शेवटच्या दिवशी मला कीर्तन आठवले. अक्षरशत्रू माणूस चावडीपुढे उभा राहून दोन-चार हजार लोकांशी एकदम हे करीत असे. अर्थात हजार लोकांच्या घोळक्यात उत्तर देणे आणि बंद खोलीत एकट्याने देणे सारखे नव्हे. घोळक्यात माणूस सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून घरी जाऊन पुन्हा घेऊ शकतो. पण बायको, आई, पोरे त्याच घोळक्यात बसलेली असत आणि तीही ऐकत, हे विसरू नका. दुसऱ्या दिवशी घरात तो विषय काढायला त्यांना तोंड मिळे. मी घरच्या लोकांसोबत बसते ते याचसाठी. पिणारा तयार नसला तरी घर तयार होऊ शकते.

आपल्या गावात हे सगळे आज कसे दिसते? रोपवाटिकांचे गाव आपले. जंभेरीच्या खुंटावर डोळे भरून इथली कलमे कुठल्या कुठे जातात. हातात कसब असलेली तरुण पोरे हंगामात चांगला पैसा कमावतात. अंबिया बहराचा बगिचा व्यापाऱ्याला दिला की घरात एकदम रक्कम येते, मग महिने महिने काही नाही. रोजचा पगार असलेल्या माणसाचे पिणे आणि एकदम पैसा येणाऱ्या माणसाचे पिणे वेगवेगळे असते. आपल्याकडे दुसरे जास्त. पोरांचे तर दारूच्या आधीच सुरू होते, खर्ऱ्यापासून. पन्नीत घोटलेला खर्रा आठवीतल्या पोराच्या खिशात सापडतो आणि घरच्यांना त्यात काही वावगे वाटत नाही, कारण आणायला त्यालाच पाठवलेले असते. तोंड उघडत नाही म्हणून दाखवायला आणलेले पंचविशीतले मुलगे मी पाहिले आहेत. बाबा असते तर त्यांनी खर्ऱ्यावर काय प्रश्न विचारले असते, याचा मी कधी कधी विचार करते. बहुधा त्यांनी पोराला विचारलेच नसते. बापाला विचारले असते की पैसे देऊन कोणाला पाठवतोस.

आता जिथे माझे त्यांच्याशी जुळत नाही तेही सांगते. बाबांच्या बोलण्यात दारू ही अक्कल ठिकाणावर आणली की सुटणारी गोष्ट होती. ज्याने अजून सुरुवात केली नाही किंवा जो काठावर आहे, त्याला ते पुरते. पण शरीरच ज्याचे बांधले गेले आहे त्याने एका कीर्तनाच्या जोरावर एका रात्रीत सोडली, तर हात थरथरतात, भास होतात, फिट येते, जीवही जाऊ शकतो. त्याला आधी डॉक्टर लागतो. दारूचे व्यसन हा आजार आहे असे अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मान्य केले ते 1956 साली, म्हणजे बाबा गेले त्याच वर्षी. त्यांच्या हयातीत हे ज्ञान खेड्यापर्यंत यायला वावच नव्हता, त्यामुळे हा दोष म्हणता येत नाही. पण आजही महाराजांपुढे माळ घातली की सुटेल म्हणून लोक माणसाला थेट नेऊन बसवतात, तेव्हा मला हे सांगावे लागते. माळ जरूर घाला. आधी दवाखान्यात चला.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. कुंताबाईंची.

या कामात मी बायकांच्या बाजूला जास्त बसले आहे, म्हणून चरित्र वाचताना माझे डोळे त्यांना शोधतात. सखूबाईंचा नवरा दारूने नेला आणि मुलगा लोकांनी नेला. कुंताबाईंचा नवरा दारू पीत नव्हता, मारत नव्हता, उलट त्याच्या पायावर डोके ठेवायला गावेच्या गावे येत (आणि तो पाया पडू देत नसे). पण घरी तो नव्हता. त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा बांधल्या, लाखोंचे काम उभे केले. त्यातला पैसा आपल्या कुटुंबाला शिवू दिला नाही. धर्मशाळेत राहायचा हक्क घरच्यांना नाही, असा त्यांचा दंडक. त्यांच्या नावावर महाल उठले असते, आणि कुंताबाई झोपडीत राहिल्या. सार्वजनिक पैशाच्या बाबतीत इतका स्वच्छ माणूस आजच्या दिवसांत शोधून सापडायचा नाही. तरी एका बाईने त्याची किंमत आयुष्यभर मोजली, हे मला सोडवत नाही. 1923 साली त्यांचा मुलगा गोविंदा गेला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला कीर्तनात होते. बातमी आली, आणि त्यांनी कीर्तन थांबवले नाही. हा प्रसंग वैराग्याचा म्हणून सांगतात. मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते.

अशा वेळी मला झिंगराजींचा आठ वर्षांचा डेबू आठवतो. ज्या पोराने लहानपणी घर बुडताना पाहिले ते पोर मोठेपणी सगळ्या जगाचे घर सावरायला निघते आणि स्वतःच्या घरात टिकून बसणे मात्र त्याला जमत नाही. या कामातल्या माझ्या कित्येक सहकाऱ्यांच्या घरी असेच आहे. माझ्याही घरी थोडेफार आहे, माझ्या मुलीला विचारा.

त्यांच्या नंतरच्या कामाची यादी तुम्हाला ठाऊक आहे, ती मी लांबवत नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा, जी त्यांनी 1949 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वाधीन केली; मूर्तिजापूरचे गोरक्षण; 1952 साली मिशन. मला स्वतःला सगळ्यात आवडते ती मुंबईची, 1954 ची धर्मशाळा, जे. जे. रुग्णालयातल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी केलेली. आजारी माणसाला खाट मिळते, त्याच्यासोबत आलेल्या बायकोने, आईने रात्र कुठे काढायची हा विचार कोणी करत नाही. बाबांनी केला. घरापासून दूर राहिलेल्या या माणसाला घरच्या माणसांचे हाल बरोबर दिसत होते.

6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब गेले. त्यानंतर 14 दिवसांनी, 20 डिसेंबरला, आजारी बाबांना मोटारीने अमरावतीकडे आणत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी प्राण सोडला. वय 80. अमरावतीला ज्या भागात त्यांची समाधी आहे तो आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो. कामासाठी परतवाड्याकडे जाताना मी वलगाववरून जाते. पूल आला की बसमधल्या जुन्या बायका अजून हात जोडतात.

मागच्या 20 डिसेंबरला आपल्या शाळेने मला बोलावले होते. पटांगण झाडून झाले होते, फोटोला हार घातला होता, सगळे तसेच. मी मुलांना झाडूचे काही सांगितले नाही. झिंगराजींचे सांगितले. डेबूच्या बापाला दारूचे व्यसन होते, आणि त्यात तो गेला, हे ऐकून पहिल्या रांगेतल्या दोन-तीन मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. शिक्षकांपैकी एकाला ते फारसे रुचले नसावे. कार्यक्रमानंतर चहा घेताना ते म्हणाले की मुलांना थोर माणसांचे चांगले तेवढे सांगावे. मी वाद घातला नाही.

चहा संपवून निघाले तर दारापाशी सहावी-सातवीतला एक मुलगा उभा होता. इतर पोरे वर्गात गेली होती. बराच वेळ चप्पल जमिनीवर घासत राहिला, मग विचारले की डेबूला बापाचा राग येत होता का. मी त्याला सांगितले की अशा घरातली खूप मुले माझ्याकडे येतात, त्यांना राग येतो, आणि रात्री दार वाजेपर्यंत ती बापाची वाटही पाहतात. दोन्ही होते आणि त्यात काही चूक नाही. त्याने मान हलवली. मी कोणत्या वारी अमरावतीहून गावी येते, ते त्याने विचारून घेतले. मी सांगितले, शनिवारी. वर्गात जाताना त्याने एकदा वळून पुन्हा विचारले, सकाळी की दुपारी.